कॉल लागतो, पण आवाज नाही : कस्टम रॉम घातलेल्या फोनचं दुखणं नेमकं कुठे शोधायचं?

फोन वाजतो, उचलला जातो, स्क्रीनवर सेकंद मोजले जाऊ लागतात आणि दोन्हीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो’. दोन-चारदा ओरडून झालं की समोरचा कंटाळून मेसेज टाकतो, ‘आवाज येईना, नंतर कर.’ गंमत म्हणजे त्याच फोनवर यूट्यूबची गाणी खणखणीत वाजत असतात आणि व्हॉट्सॲप कॉलवर तासभर बोलणंही होतं. मुका असतो तो फक्त साधा कॉल. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर काढून लिनिएज ओएससारखं पर्यायी सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याला सगळे कस्टम रॉम म्हणतात ते, घातलेल्या फोनबद्दल ही तक्रार नेहमीची आहे.

रॉम घालणारे सगळे हौसेखातर घालतात असं नाही. २०१७ साली भारतात आलेला रेडमी नोट ४ किंवा २०१८ चा पोको एफ१ आजही अनेक घरांत धडधाकट आहे. स्क्रीन शाबूत, बॅटरी एकदा बदललेली. पण कंपनीकडून अपडेट येणं कधीच थांबलं आहे. अशा वेळी घरातला मुलगा किंवा पुतण्या लिनिएज घालून फोन नवा करून देतो. सायनोजेनमॉड हा जुना प्रकल्प २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद पडला, तेव्हा त्यातल्या स्वयंसेवकांनी तोच पुढे चालवायला घेतला, तो हा लिनिएज. फोन नवा होतो आणि बहुतेक वेळा जातो तो आई-वडिलांच्या हातात. त्यांना इंटरनेट एकवेळ नसलं तरी चालतं, कॉल मात्र चालायलाच हवा. रात्री-अपरात्री ११२ ला फोन लावायची वेळ आली आणि पलीकडच्याला काही ऐकूच गेलं नाही, तर त्या नव्या अँड्रॉइडचा उपयोग काय?

गाण्याची वाट वेगळी, कॉलची वेगळी

पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो. ‘गाणी वाजतात म्हणजे स्पीकर-बिपीकर सगळं ठीक आहे, रॉमच खराब,’ असा निष्कर्ष काढून लोक दुसरा रॉम घालतात, मग तिसरा. आवाज काही येत नाही.

गाणं वाजतं तेव्हा आवाज अँड्रॉइडच्या हातून जातो. ॲप आवाज तयार करतं, अँड्रॉइड तो ऑडिओ चिपकडे देतं, चिप स्पीकरला देते. व्हॉट्सॲप कॉलचंही साधारण तसंच, फक्त आवाज इंटरनेटवरून येतो. साध्या कॉलमध्ये मात्र अँड्रॉइड जवळजवळ बाजूला उभं असतं. टॉवरकडून आलेला आवाज मोडेममध्ये उतरतो, तिथून आवाजावर काम करणाऱ्या वेगळ्या प्रोसेसरकडे जातो आणि थेट कानाजवळच्या स्पीकरला पोचतो. माईकचा आवाज त्याच वाटेने उलटा. अँड्रॉइड फक्त हुकूम सोडतं : कॉल सुरू झाला, कानाचा स्पीकर जोडा, खालचा माईक जोडा.

हा हुकूम कुठल्या तारेला कुठली तार जोडायची याच्या एका यादीवरून दिला जातो. क्वालकॉमच्या फोनमध्ये या फाईलला मिक्सर पाथ म्हणतात. प्रत्येक मॉडेलची यादी वेगळी, कारण एका फोनमध्ये दोन माईक तर दुसऱ्यात तीन, एकाचा इअरपीस वेगळा तर दुसऱ्याचा तोच स्टीरिओ स्पीकर. मोडेम आणि ऑडिओ प्रोसेसर यांचे प्रोग्राम तर कंपनीच्या कुलुपातलेच असतात. रॉम बनवणारे स्वयंसेवक ते लिहीत नाहीत. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून जसेच्या तसे घेतात. वरचं अँड्रॉइड नवं आणि खालचे प्रोग्राम जुन्या काळचे, असा जोड बसवताना कॉलचा आवाज पहिला बळी पडतो.

आधी तपास, मग इलाज

पेटीरोकड जुळत नसेल तर कोणी अख्खी वही फाडून नवी लिहायला बसत नाही, नोंदी एकेक करून टिपल्या जातात. इथेही तसंच. रॉम पुन्हा घालण्याआधी अर्धा तास काढावा आणि जवळ दुसरा चालू फोन ठेवावा. तो दुसऱ्या खोलीत माणसासकट ठेवलेला बरा, नाहीतर समोरासमोरचाच आवाज कानात येतो आणि ‘येतोय की’ असं वाटून फसगत होते.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत माईक बंद करण्याचं बटण आलं आहे, ते चुकून दाबलं गेलंय का बघावं. कॉलचा आवाज आणि गाण्याचा आवाज यांची पातळी वेगळी असते. कॉल चालू असतानाच बाजूचं बटण दाबलं तर कॉलचा आवाज वाढतो. वर हेडफोनचं चिन्ह दिसतंय आणि हेडफोन लावलेलाच नाही, असं असेल तर जॅकमध्ये धूळ किंवा ओल आहे आणि फोन आवाज नसलेल्या हेडफोनकडे पाठवतो आहे. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास काढून बघावी. इअरपीसच्या जाळीवर काच चढलेली किंवा जाळीत मळ बसलेला, ही कारणं रॉमच्या नावावर सर्रास खपतात.

मग रेकॉर्डर उघडून दोन वाक्यं बोलावीत. बोलताना खालच्या आणि वरच्या माईकच्या छिद्रावर बोटाने हलकी टकटक करावी. रेकॉर्डिंग ऐकताना कुठल्या छिद्राची टकटक मोठी आली त्यावरून कुठला माईक जिवंत आहे ते कळतं. त्यानंतर व्हॉट्सॲपवर व्हॉइस कॉल करायचा, फोन कानाला लावून. शेवटी साधा कॉल चार प्रकारे : कानाला लावून, स्पीकरवर, वायरच्या इअरफोनवर आणि ब्लूटूथवर. जमलं तर सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा एकदा.

आता निकाल वाचायचा. रेकॉर्डर ठीक, व्हॉट्सॲप कॉल ठीक, पण साधा कॉल सगळ्याच प्रकारे मुका असेल तर माईक आणि स्पीकर निर्दोष आहेत. दोष मोडेमकडून येणाऱ्या वाटेत आहे, म्हणजे फर्मवेअर, व्होल्टी किंवा ती जोडणीची यादी. व्हॉट्सॲप कॉललासुद्धा कानात आवाज नाही, स्पीकरवर मात्र आहे, तर इअरपीस मळलेला किंवा गेलेला. साधा कॉल इअरफोनवर उत्तम आणि कानाला लावून नाही, तर मोडेमला दोष देण्यात अर्थ नाही. रेकॉर्डरच मुका असेल तर माईक गेला. अनेक फोनमध्ये खालचा माईक चार्जिंगच्या छोट्या बोर्डावरच असतो. कधीतरी चार्जिंग पॉईंट बदलून घेतला असेल आणि स्वस्तातला बोर्ड बसला असेल, तर रॉम घालण्याच्या आधीपासूनच आवाज बारीक येत असणार. लक्षात आलेलं नसतं इतकंच. आणि गाण्यासकट सगळंच बंद, फोनमध्ये जणू ऑडिओ चिपच नाही, असं झालं तर ऑडिओ प्रोसेसरचा प्रोग्रामच चालू झालेला नाही. तिथे गाठ फर्मवेअरशी.

रॉमच्या डायलरमध्ये कॉल रेकॉर्डिंगची सोय असेल तर आणखी एक युक्ती आहे. समोरच्याला सांगून कॉल रेकॉर्ड करावा. कानात काही आलं नाही पण रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज आहे, तर आवाज फोनपर्यंत पोचतोय, अडतोय तो पुढे.

जिओचं सिम आणि व्होल्टीची गाठ

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं ते फक्त ४जी घेऊन. त्यांच्याकडे २जी, ३जी नाहीच, त्यामुळे जिओवरचा साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या डेटाच्या वाटेवरूनच जातो. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर व्होल्टी नसलं तर फोन कॉलपुरता २जीवर उतरतो आणि बोलणं होऊन जातं. जिओवर उतरायला पायरीच नाही. म्हणून एकाच रॉमबद्दल एक जण ‘कॉल मस्त’ म्हणतो आणि दुसरा ‘कॉलच लागत नाही’ म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात, सिम वेगळं असतं.

व्होल्टीसाठी आयएमएस नावाचा भाग लागतो आणि तो पुन्हा कंपनीच्या कुलुपातला. क्वालकॉमच्या फोनमध्ये तो मूळ सॉफ्टवेअरमधून उचलून बसवता येतो, त्यामुळे लिनिएजवर बऱ्याच क्वालकॉम फोनमध्ये व्होल्टी चालतं. सॅमसंगचा आयएमएस सॅमसंगच्याच अँड्रॉइडमध्ये गुंतलेला असल्याने त्यांच्या अनेक मॉडेलवर कस्टम रॉममध्ये व्होल्टी मिळत नाही. घरात जिओ वापरत असाल तर रॉम डाउनलोड करण्याआधीच हे तपासलेलं बरं.

तपासायचं कसं? डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यात फोनची माहिती, मग वरचे तीन ठिपके, मग आयएमएस सेवेची स्थिती. नोंदणी झालेली आणि व्हॉइस ओव्हर एलटीई उपलब्ध, असं दिसलं तर व्होल्टी जोडलेलं आहे. नोंदणीच नसेल तर आवाजाचा प्रश्न नंतरचा, आधी सिमच्या सेटिंगमध्ये ४जी कॉलिंगचं बटण चालू आहे का पाहावं, सिम काढून घालावं, फोन बंद-चालू करावा.

नोंदणी आहे, कॉल लागतो, तरी आवाज नाही, ही सर्वांत चीड आणणारी अवस्था. इथे एक सोपी परीक्षा आहे. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घालावं, नेटवर्कचा प्रकार मुद्दाम २जी करावा आणि कॉल लावावा. २जीवर आवाज आला आणि ४जीवर गेला, तर दोष व्होल्टीच्या आवाजाच्या वाटेत आहे, असं ठामपणे म्हणता येतं. जुन्या क्वालकॉम फोनच्या जोडणीच्या यादीत साधा कॉल, व्होल्टी कॉल, वायफाय कॉल आणि दुसऱ्या सिमचा कॉल यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. त्यातली एक चुकली की तेवढाच कॉल मुका होतो, बाकीचे तीन बोलत राहतात. ‘सिम एकला येतो, दोनला नाही’ ही तक्रार विचित्र वाटते, पण तिचं कारण इतकं साधं असू शकतं.

फर्मवेअर : सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं

कस्टम रॉम घालताना फोनमधलं सगळं सॉफ्टवेअर बदलतं असा समज आहे. तसं होत नाही. मोडेमचा, ऑडिओ प्रोसेसरचा आणि इतर काही चिपचा प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत राहतो, त्याला फर्मवेअर म्हणायचं. बहुतेक रॉम या कप्प्यांना हात लावत नाहीत. म्हणजे तीन वर्षं अपडेट न केलेल्या फोनवर कालचा रॉम घातला, तर खाली तीन वर्षांपूर्वीचाच मोडेम बसलेला असतो. रॉम बनवणाऱ्याने नव्या फर्मवेअरवर तपासून दिलेलं असतं, आणि घरातल्या फोनवर जुनं.

म्हणून लिनिएजच्या अनेक मॉडेलच्या सूचनांत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की आधी अमुक अँड्रॉइडचं फर्मवेअर असल्याची खात्री करा. लोक ती ओळ सोडून थेट डाउनलोडकडे जातात. कॉल मुका झाला की पहिलं पाऊल हेच : सूचनेत सांगितलेली आवृत्ती आणि फोनमधली आवृत्ती पडताळून पाहणं. फोनमधली आवृत्ती सेटिंगमध्ये, फोनविषयीच्या पानावर बेसबँड या नावाखाली दिसते. जुळत नसेल तर त्याच मॉडेलचं, त्याच देशाच्या प्रकाराचं फर्मवेअर घालावं. रेडमीच्या एकाच नावाखाली दोन-दोन वेगळे फोन विकले गेलेत, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नये, रॉमच्या पानावर दिलेलं मॉडेलचं टोपणनाव बघावं. चुकीचं फर्मवेअर गेलं तर आवाज राहिला बाजूला, नेटवर्कही जातं.

एक इशारा इथेच दिलेला बरा. शाओमीच्या काही फोनमध्ये २०१८ पासून जुन्या आवृत्तीवर परत जाण्याला अटकाव आहे. तो न पाहता जुनं फर्मवेअर दामटलं तर फोन कायमचा गप्प बसू शकतो.

जुन्या रॉमवरच नवा रॉम चढवला असेल आणि डेटा पुसला नसेल, तर जुन्या ऑडिओ सेटिंग शिल्लक राहून घोटाळा होतो. एकाच रॉमचं महिन्याचं अपडेट तसं घालायला हरकत नाही. रॉमच बदलला किंवा अँड्रॉइडची मोठी आवृत्ती बदलली तर मात्र बॅकअप घेऊन डेटा पुसणं टाळू नये. आणि ‘सगळ्या फोनला चालतं’ म्हणून मिळणारा जीएसआय प्रकारचा रॉम असेल तर अपेक्षा बेतानेच ठेवाव्यात. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून असा सामाईक रॉम शक्य झाला, पण व्होल्टी आणि कॉलचा आवाज ही त्याची नेहमीची दुखरी जागा आहे.

‘विहिरीतून बोलतोयस काय?’

दुसऱ्या प्रकारची तक्रार अशी की आवाज जातो, पण समोरच्याला तो घुमल्यासारखा, दबलेला किंवा मधूनमधून गायब ऐकू येतो. इथे संशय वरच्या माईकवर घ्यावा. खालचा माईक तोंडाचा आवाज घेतो, वरचा आजूबाजूचा गोंगाट घेतो आणि दोन्हींची वजाबाकी करून स्वच्छ आवाज पाठवला जातो. क्वालकॉमच्या या तंत्राला फ्लूएन्स म्हणतात. रॉममध्ये माईकची अदलाबदल झाली असेल किंवा वरचं छिद्र कव्हरने झाकलं असेल, तर वजाबाकी उलटी होते : गोंगाट समजून माणसाचाच आवाज कापला जातो. कव्हर काढून फरक पडला नाही, तर फ्लूएन्स बंद करण्याची सेटिंग असते. त्यासाठी रूट किंवा रॉममध्येच बदल लागतो, माहितगाराकडून करून घ्यावा.

आवाज वाढवणारी जोडणी, म्हणजे व्हायपर किंवा डॉल्बीचे मॅजिस्क मॉड्यूल, घातली असतील तर बाकी काहीही करण्याआधी ती बंद करून फोन पुन्हा चालू करावा. गाण्याला गोडी आणताना ही मॉड्यूल ऑडिओच्या फायली बदलतात. ब्लूटूथवर गाणी येतात पण कॉल येत नाही, हेही होतं, कारण दोन्हींसाठी ब्लूटूथचे प्रकार वेगळे आहेत. डिव्हाइस विसरून पुन्हा जोडणं, त्यात फोन कॉलची परवानगी चालू आहे का पाहणं, एवढ्यावर बरंचसं सुटतं.

घाटातल्या आवाजाचा दोष रॉमला नको

तपास कुठे बसून केला यालाही महत्त्व आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालं की कर्नाटक सर्कल सुटतं आणि महाराष्ट्र-गोवा सर्कल लागतं, मध्ये जंगलात नेटवर्कच पातळ. चंदगड, खानापूरकडच्या गावांतही एक कांडी कधी इकडच्या टॉवरची, कधी तिकडच्या. अशा जागी आवाज तुटणं, एकतर्फी होणं हे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवरही घडतं. चाचणी नेटवर्क भरपूर असलेल्या जागी करावी, आणि त्याच सिमवर दुसऱ्या फोनने त्याच जागेवरून कॉल लावून बघावा. तिथेही तसंच झालं तर रॉमचा काही संबंध नाही.

तरीही आवाज नाहीच आला तर

अधिकृत लिनिएज आणि कोणीतरी स्वतःपुरता बनवून दिलेला लिनिएज यांत फरक आहे. अधिकृत यादीत फोन येण्यासाठी कॉल, त्याचा आवाज आणि आपत्कालीन कॉल चालणं ही अट असते. अनधिकृत रॉमला अशी अट कोणी घालत नाही. तेव्हा अनधिकृतवरून अधिकृतवर जाणं हाच कधी कधी पूर्ण इलाज ठरतो.

तक्रार करायची तर ‘आवाज येत नाही, प्लीज फिक्स’ एवढ्याने कोणी काही करू शकत नाही. कॉम्प्युटरला फोन जोडून, एडीबीच्या साह्याने कॉल चालू असतानाचा लॉगकॅट काढावा. रेडिओचा लॉग वेगळा असतो, तोही घ्यावा. सोबत मॉडेल, रॉमची तारीख, बेसबँड, सिम कुठलं, २जीवर काय झालं, हे लिहावं. लॉगमध्ये फोन नंबर येऊ शकतात, पाठवण्याआधी ते खोडावेत.

कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर परत जाणं यात हरल्यासारखं काही नाही. तपासाच्या दृष्टीने तर ती शेवटची पक्की परीक्षा आहे : मूळ सॉफ्टवेअरवरही कॉल मुकाच राहिला तर दोष हार्डवेअरचा, मग दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी. मात्र परत जाताना बूटलोडर लॉक करण्याची घाई करू नये. चुकीच्या प्रकारचं सॉफ्टवेअर असताना लॉक केलं तर फोन उघडतच नाही. *#०६# दाबून आयएमईआय दिसतो का हेही पाहून ठेवावं, आणि तो रॉम घालण्याआधीच कागदावर लिहून, त्याच्या कप्प्याचा बॅकअप घेऊन ठेवलेला असावा. आयएमईआय गेला म्हणून ‘दुसरा टाकून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर तिथून निघावं. आयएमईआयमध्ये फेरफार हा गुन्हा आहे आणि तो निस्तरावा लागतो फोन ज्याच्या हातात आहे त्याला.

रॉम घातलेला फोन घरच्यांना देण्याआधी आठवडाभर स्वतःचं रोजचं सिम घालून वापरावा. रोज निदान एक कॉल दहा मिनिटांचा करावा, कारण काही दोष पाच मिनिटांनंतरच उगवतात. एक कॉल आलेला, एक केलेला, एक स्क्रीन बंद झाल्यावरचा, एक दुसरा कॉल होल्डवर ठेवून. चाचणीसाठी ११२ मात्र कधीही लावू नये, ती लाइन कोणाला तरी खरोखर हवी असते.